पानिपतचा खुर्दा

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळली ती एका सावकारी पत्रातून, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. पत्र साध्या भाषेत नव्हतं. व्यापाऱ्यांची सांकेतिक भाषा होती. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठमोठे सरदार. आणि शेवटी चांदी-तांब्याचा हिशोब, म्हणजे खुर्दा. तो किती गेला, याची मोजदाद नाही.

इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला त्या शेवटच्या शब्दाने पछाडलंय. खुर्दा! मोत्यांवर नाटकं आली, कादंबऱ्या आल्या, २०१९ मध्ये सिनेमा आला. मोहरांचे वाडे आहेत, वंशावळी आहेत, पुतळे आहेत. खुर्द्याचं काय?

गेले आठ-नऊ महिने माझे शनिवार-रविवार या खुर्द्यामागे चाललेत. एक गोष्ट लिहितोय. (कादंबरी म्हणायची अजून हिंमत नाही.) नायक भाऊंच्या फौजेबरोबर गेलेला एक नालबंद. घोड्यांना नाल ठोकणारा साधा माणूस, बरोबर बायको. तलवार हातात धरलेली नाही आणि कुठल्याही कागदावर नाव नाही. म्हणजे सोपं झालं ना, हवं ते लिहा! तर तसं अजिबात नाहीये. ज्याच्याबद्दल एकही कागद नाही त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याच्या आजूबाजूचे सगळे कागद वाचावे लागतात. आजचा लेख त्या उद्योगाबद्दल.

कागद काय सांगतात

आधी कोण काय सांगतो ते बघू. पानिपतावरचा एक महत्त्वाचा साक्षीदार काशीराज पंडित. हा मूळ महाराष्ट्रातला, पण नोकरी अयोध्येच्या नवाबाकडे, म्हणजे शुजाउद्दौलाकडे. लढाईच्या दिवशी तो अब्दालीच्या बाजूला उभा होता! त्याने १७८० च्या सुमारास फारसीत आपली हकीकत लिहिली. तहाच्या आशेने भाऊंनी अगदी शेवटी पाठवलेली चिठ्ठी याच्याच हातात पडली, आणि उत्तर जायच्या आत लढाई सुरू झाली. मराठ्यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं समोरच्या छावणीतल्या मराठी माणसाने फारसीत लिहून ठेवलंय.

मग नाना फडणीस. तेव्हा वय वर्षं १८. आईला आणि बायकोला घेऊन फौजेबरोबर गेला होता. स्वतः वाचला, आई त्या धांदलीत गेली. पुढे मराठी राज्याचा सगळ्यात मोठा मुत्सद्दी झालेल्या या माणसाने आत्मवृत्त लिहिलंय, ते आज वाचलं तरी गलबलून येतं. पण तोही मोहरांपैकीच. नालबंदाला असं काही लिहायची सोय नव्हती.

बखरी आहेत - भाऊसाहेबांची बखर, रघुनाथ यादवाची पाणिपतची बखर. आणि मग खरा खजिना, म्हणजे पत्रं. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो नेमका याच काळाचा. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून ४५ खंड काढले, त्यातला दुसरा खंड पानिपतचा. यातले बरेच खंड आता स्कॅन होऊन नेटवर फुकट मिळतात. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन १७६० मधली पत्रं उघडायची, ही चैन राजवाड्यांना नव्हती. ते बिचारे वाड्या-वाड्यांतून दप्तरं मिळवत फिरले.

ही पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यात वीरश्री फार कमी आहे. आहे ते पैसे, धान्य, नावा, उतार, पाऊस. भाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना पुन्हा पुन्हा लिहितायत - पैसा पाठवा, रसद पाठवा, नदी उतरायची सोय करा. प्रॉजेक्ट मॅनेजरचे फॉलो-अप मेल वाटावेत इतके ओळखीचे! फरक इतकाच की इथे डेडलाइन चुकली की माणसं उपाशी राहत होती.

तारखा, संक्रांत आणि चंद्र

युद्धावरच्या गोष्टीत तारीख चुकली की सगळं चुकतं. त्यामुळे मी आधी एक एक्सेल शीट केली. आणि पहिल्याच दिवशी अडकलो, कारण पत्रांवरच्या तारखा आपल्या नाहीत. कुठे शके, कुठे हिजरी आणि पुष्कळदा शुहूर सन. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा मंत्र नाही, आकडा आहे! इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्यात साधारण सहाशे मिळवले की इसवी सन. एकं आधी, हजार शेवटी. माझ्या व्यवसायातल्या लोकांसाठी सांगायचं तर शुहूर सन लिटल एंडियन आहे. :)

आता लढाईची तारीख. १४ जानेवारी १७६१, बुधवार. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. १४ जानेवारी म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच संक्रांत. 'ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हे वाक्य तर इतकं तयार आहे की लेखकाला ते टाळणंच अवघड. पण गणित करून बघा. मकर संक्रांत चालते नक्षत्रांशी जोडलेल्या वर्षावर, आणि ते आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं आहे. म्हणजे सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे. हल्ली संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. अडीच शतकं मागे गेलं की ती तीन-चार दिवस आधी सरकते, म्हणजे १० - ११ जानेवारीच्या आसपास. लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

यावर कोणी म्हणेल, काय फरक पडतो? मला वाटतं पडतो. माझ्या नालबंदाची बायको संक्रांतीला काय करते, हा प्रसंग मला लिहायचा होता. तीळ नाहीत, गूळ नाही, धान्य संपत आलंय. लढाईच्या दिवशीच संक्रांत असेल तर तो प्रसंग लिहिताच येत नाही, त्या दिवशी कोणाला फुरसत? पण संक्रांत तीन-चार दिवस आधीची असेल तर उपाशी छावणीत सण येतो आणि जातो. वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य टाकून दिलं तेव्हा एक खरा प्रसंग हाती लागला.

तेच चंद्राचं. अष्टमी म्हणजे अर्धा चंद्र. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारीच उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास, थोडा पुढे-मागे, मावळतो. संध्याकाळी फौज फुटली, माणसं मिळेल त्या वाटेने पळाली. त्यांना मध्यरात्रीपर्यंत चांदणं होतं. चांदणं म्हणजे वाट दिसते, आणि पाठलाग करणाऱ्यालाही तुम्ही दिसता. त्यानंतर अंधार. ही माहिती कुठल्या बखरीच्या अलंकारातून आलेली नाही, आकाशाच्या गणितातून आलीय. सिनेमातली अमावस्येची काळीकुट्ट रात्र किंवा पौर्णिमेचं टिपूर चांदणं, दोन्ही इथे चालणार नाही.

सूर्यही तपासला. पानिपतचा अक्षांश आणि जानेवारीचा मध्य धरला तर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३९ अंश वर असतो आणि दक्षिणेला असतो. मराठे पानिपतकडून निघाले, अब्दाली दक्षिणेकडे वाट अडवून बसलेला. म्हणजे दिवसातला बराच वेळ ऊन मराठ्यांच्या तोंडावर. उपाशी माणसाला हे ऊन कसं लागत असेल, ते लिहायचं काम माझं.

बुणगे

पानिपत का हरलो, यावर आपल्याकडे पानाच्या ठेल्यावरही चर्चा होऊ शकते. आणि त्यात एक उत्तर हमखास येतं - बुणगे! भाऊंनी बायका-पोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे बरोबर नेले, त्यांच्या खाण्यात फौज उपाशी मेली. हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. माझा नालबंद बुणगाच. त्यामुळे मला हे प्रकरण जरा नीट बघावंच लागलं.

काशीराज मराठ्यांचे ५५,००० घोडेस्वार आणि १५,००० पायदळ सांगतो, अब्दालीचे ४१,८०० घोडेस्वार आणि ३८,००० पायदळ. इतर साधनांत आणि इतिहासकारांत आकडे वर-खाली होतात. आपण हिशोबापुरते ५०,००० घोडे धरू. एका घोड्याला दिवसाला ४ किलो दाणा समजा, वैरण वेगळी. झाले रोजचे २०० टन. एक बैल पाठीवर १०० किलो नेतो म्हटलं तर फक्त घोड्यांच्या दाण्यासाठी रोज २,००० बैल यायला हवेत. आता माणसं. बुणग्यांसकट दोन लाख धरा, माणशी पाऊण किलो धान्य, म्हणजे रोजचे १५० टन. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. पण गणित कसंही फिरवलं तरी घोड्यांचं खाणं माणसांच्या खाण्याच्या बरोबरीला येतं किंवा पुढे जातं. छावणी खात होती ती मुख्यतः लढायला आणलेली जनावरं आणि लढणारी माणसं. सगळा भार नालबंदाच्या बायकोच्या भाकरीवर टाकणं मला हिशोबाने पटत नाही.

आणि बुणगे म्हणजे नक्की कोण? घोड्याला नाल नसेल तर तो किती चालेल? मार्च १७६० मध्ये मराठवाड्यातल्या परतूरहून फौज निघाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली घेतली. बाराशे-तेराशे किलोमीटर, साडेचार महिने. थांबे धरून दिवसाला सरासरी नऊ-दहा किलोमीटर. या वाटेवर नालबंद, पखालींतून पाणी आणणारे, गवत कापणारे, बेलदार, तंबू ठोकणारे, बाजार मांडणारे वाणी, धान्याचे तांडे हाकणारे बंजारे, हे सगळे बुणगे. आजच्या भाषेत सांगायचं तर सपोर्ट स्टाफ. यांना वगळलं तर फौज नर्मदाही ओलांडत नाही. यात्रेकरूंचा भाग खराच, उत्तरेची तीर्थं घडतील म्हणून आलेले लोक होते. पण सगळ्यांना एकाच शब्दात कोंबून त्यांच्या डोक्यावर पराभवाचं खापर फोडायचं, हे जरा फारच सोयीचं झालं.

कारण उपासमारीचा धागा पत्रांत स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतलं तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती आला होता. मग अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर, अडीच महिने. अब्दालीची रसद तोडायला दुआबात फिरणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. त्यानंतर अब्दालीकडे धान्य येत राहिलं आणि मराठ्यांकडे यायचं थांबलं. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढू, असं ठरलं. म्हणजे प्रश्न ताटांची संख्या किती इतकाच नव्हता, ताटापर्यंत येणारी वाट कोणाच्या ताब्यात आहे हा होता.

शत्रू कोण लिहायचा?

युद्धाच्या गोष्टीत सगळ्यात मोठा मोह म्हणजे दोन रंग. आपले आणि ते. पानिपतात हा मोह फार स्वस्तात मिळतो, आणि आजकाल त्याला गिऱ्हाईकही भरपूर आहे. पण कागद आड येतात.

मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ होतं इब्राहिमखान गारद्याकडे. हा फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत, निजामाच्या नोकरीत तयार झालेला माणूस. त्या दिवशी गारदी अखेरपर्यंत लढले, इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला. समोर शुजाच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे नागा गोसावी होते. आणि त्याच छावणीत आपला काशीराज पंडित. विश्वासरावांच्या देहावर अग्निसंस्कार झाले ती हकीकतही त्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आली.

आता माझ्या नालबंदाला हे सगळं कसं दिसेल? तो गारद्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या तोफा ओढणाऱ्या बैलांचे खूर बघतो. त्याला 'ते' म्हणजे कोण, हे १७६१ च्या डोक्याने कळेल, आपल्या नाही. त्याच्या तोंडी आजचं भाषण घातलं तर ती ऐतिहासिक गोष्ट राहत नाही, वेशभूषा स्पर्धा होते. आणि उलटही चालणार नाही. त्याला आजच्यासारखा उदारमतवादी करून सगळ्यांना मिठ्या मारायला लावणं हेही तितकंच खोटं. कत्तल झाली, बायका-मुलं गुलाम म्हणून नेली गेली, हे त्याच्या वाट्याचं सत्य आहे. ते सौम्य करायचा अधिकार मला नाही.

संवाद कोणाचे?

बुराडीच्या घाटावर, १० जानेवारी १७६० ला, दत्ताजी शिंदे पडले. मरताना त्यांनी काढलेले उद्गार शाळेतल्या प्रत्येक पोराला येतात. ते आपल्याकडे आले बखरीतून. घाटावर जखमी माणसाच्या शेजारी कोणी लिहून घेत बसलं नव्हतं. बखरकाराला माहीत होतं की माणूस कसा होता, आणि त्याने त्या माणसाला शोभेल असं वाक्य आपल्या हाती दिलं. बखरी वाचताना मला राहून राहून वाटतं की मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून १८७१ च्या 'मोचनगड'चं नाव घेतात ते बरोबरच, पण तिची आजी बखरीत बसलेली आहे.

इथे जबाबदारी येते. आपण मराठी वाचक कादंबरीलाच इतिहास मानतो. माधवराव म्हटलं की १९६२ ची 'स्वामी' आठवते. पानिपत म्हटलं की विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी आठवते, त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' किती घरांत निघेल? पाटलांच्या कादंबरीने भाऊंना लोकांच्या मनात पुन्हा उभं केलं हे फार मोठं काम आहे, आणि त्याआधी शेजवलकरांनी आधी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि मग १९६१ मध्ये मराठीत या लढाईचा विचार नव्याने मांडला होता. कादंबरी लोकांपर्यंत जाते, म्हणून तिची चूकही लोकांपर्यंत जाते. इतिहासकाराची चूक दुसरा इतिहासकार खोडतो. कादंबरीतलं वाक्य भाषणात जातं, तिथून फ्लेक्सवर जातं, मग ते कोणीच खोडू शकत नाही.

टॉलस्टॉयचं उदाहरण या बाबतीत मला फार आवडतं. तो १८२८ चा, बोरोदिनोची लढाई १८१२ ची. म्हणजे त्याने ती पाहिलेली नाही. पण तो स्वतः तोफखान्यातला अधिकारी, सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात १८५४-५५ मध्ये होता. दारूगोळ्याचा वास आणि भीती त्याला ठाऊक होती. तरीही 'वॉर अँड पीस' लिहिताना १८६७ मध्ये तो बोरोदिनोला गेला, दोन दिवस मैदान तुडवलं आणि स्वतः नकाशा काढला. युद्ध अंगावर घेतलेल्या माणसाला जर मैदान बघावंसं वाटलं, तर एसी ऑफिसात बसणाऱ्या माझ्यासारख्याने किती बघायला हवं?

म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केलेत. एक, कागदावर आहे ते बदलायचं नाही. तारीख, ठिकाण, कोण कुठे होतं, हे गोष्टीच्या सोयीसाठी हलणार नाही. दोन, खऱ्या व्यक्तीच्या तोंडी मोठं वाक्य घालायचं नाही. भाऊ माझ्या गोष्टीत लांबून दिसतात, घोड्यावरून जाताना. नालबंदाला ते जितके दिसले असते तितकेच. मनातले विचार, स्वगतं वगैरे त्यांना नाहीत. तीन, जिथे कागद गप्प आहे तिथे मी बोलेन, पण मी जे रचेन ते घडू शकलं असतं असं हवं. चहा नाही, साबुदाण्याची खिचडी नाही, मिनिटं-सेकंद नाहीत. घटका, पळं, प्रहर. अंतर कोसात. आणि भाकरी शेवटच्या आठवड्यात मोजून.

तिसरा नियम सगळ्यात अवघड आहे. माझ्या नालबंदाचा शेवट मी तीनदा लिहिलाय. मारला, वाचवला, हरवला. आकडे म्हणतात, बहुतेक असे लोक वाचले नाहीत. पण काही वाचले हेही खरं. भरतपूरच्या सुरजमल जाटाने आणि राणी किशोरीने आश्रयाला आलेल्या लोकांना अन्न-वस्त्र दिलं, जखमींना सांभाळलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी होऊन तिकडेच, डीगला पोहोचला आणि तिथे वारला. पानिपतपासून तो मुलूख अडीचशे किलोमीटरच्या घरात. जानेवारीची थंडी, अंगावर धड कपडे नाहीत, पोटात काही नाही. दिवसाला पंचवीस किलोमीटर चालू शकला तरी दहा दिवस.

सध्या गोष्ट तिथे आहे. पौष शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र मावळलाय. नालबंद वाट सोडून उसाच्या शेतात बसलाय, बायको दुपारपासून दिसलेली नाही. भाऊ पडले की निसटले, हे त्याला माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर या क्षणी त्याला त्याची फिकीरही नाही. त्याचा हिशोब एकाच माणसाचा आहे. त्या सावकारी पत्रात तो हिशोब यायचा नव्हता.

तिच्याबद्दल काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. पुढचे दोन शनिवार पेशवे दप्तराचा दुसरा खंड पुन्हा काढतोय.